अभिजात बालकादंबऱ्यांवरचे चित्रपट: मुलांसोबत पाहताना कोणती आवृत्ती निवडावी?

प्रश्न

मुलांना मोठ्याने वाचून दाखवलेल्या कादंबऱ्यांवरचे चित्रपट आता घरातल्या सर्वांनी मिळून पाहावेत, असे आम्ही ठरवले आहे. धाकटी मुलगी सात वर्षांची आहे आणि थोरला मुलगा अकरा वर्षांचा. चित्रपट निवडायला बसल्यावर पहिलीच अडचण अशी आली की नावाजलेल्या बहुतेक बालकादंबऱ्यांवर एकाहून अधिक चित्रपट निघालेले आहेत आणि त्यांच्यात काही वेळा जमीन-अस्मानाचा फरक आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या १९११ सालच्या ‘द सीक्रेट गार्डन’ या कादंबरीवर १९४९, १९९३ आणि २०२० असे तीन चित्रपट सहज सापडतात. लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’वर १९३३, १९४९, १९९४ आणि २०१९ सालचे चार चित्रपट तर सगळ्या चर्चांमध्ये येतात. सर्वांत नवा तोच चांगला असे समजावे, की पुस्तकाच्या सर्वांत जवळ जाणारा निवडावा, हे मला ठरवता येत नाही.

दुसरा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. या कादंबऱ्यांमध्ये दुःख पुष्कळ आहे. आईवडील मरतात, बहीण आजारपणात जाते, जिवाभावाचा प्राणी दुरावतो. वाचून दाखवताना मी आवाज खाली आणू शकते, मध्येच थांबू शकते, मुलीचा चेहरा पाहून पुढचा भाग उद्यावर ढकलू शकते. चित्रपटाचा वेग माझ्या हातात नसतो आणि संगीत तर मुलांना जिथे न्यायचे तिथे ओढूनच नेते. अशा प्रसंगांचे काय करावे? ज्यांनी हे चित्रपट लहान मुलांबरोबर पाहिले आहेत त्यांनी नुसती नावे न देता कारणांसह लिहावे, अशी विनंती आहे.

प्रतिसाद १

नवा-जुना हा निकष लावूच नये. पुस्तकाशी जवळीक हा निकषही मला अपुरा वाटतो, कारण कित्येक रात्री वाचत बसावी लागणारी कादंबरी दोन तासांत बसवताना प्रसंग गाळावेच लागतात आणि कोणते गाळले याची मोजदाद करून काहीच निष्पन्न होत नाही. मी एवढेच पाहतो की मूळ कादंबरीतल्या मुलाच्या वाट्याला आलेले सर्वांत मोठे दुःख कोणते आणि चित्रपटाने त्याचे काय केले. या लेखकांनी शेवटी दिलेला दिलासा त्या दुःखाच्या बळावर उभा असतो. दुःख काढून घेतले की दिलासा दिसायला तसाच दिसतो, पण त्याला वजन उरत नाही आणि लहान मुलांनाही ते कळते.

बर्नेट यांचीच दुसरी कादंबरी, १९०५ सालची ‘अ लिटल प्रिन्सेस’, या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. सारा क्रू ही श्रीमंत बापाची एकुलती एक मुलगी लंडनच्या निवासी शाळेत राहते. वडील वारल्याची आणि पैसा बुडाल्याची बातमी एकदमच येते आणि त्याच दिवसापासून तिला माळ्यावरच्या खोलीत मोलकरीण म्हणून राहावे लागते. कादंबरीत हे वडील परत येत नाहीत. शेवटी तिला शोधून काढतो तो त्यांचा मित्र, ज्याच्यामुळे आपला मित्र बुडाला असे त्याला वर्षानुवर्षे वाटत आलेले असते. म्हणजे साराला घर मिळते, माया मिळते, पण बाप मिळत नाही. १९३९ साली वॉल्टर लँग यांनी शर्ली टेम्पल हिला घेऊन केलेल्या चित्रपटात वडील युद्धात स्मृती गमावून रुग्णालयात पडलेले असतात आणि मुलगी त्यांना शोधून काढते. १९९५ साली अल्फोन्सो क्वारोन यांनी कथा न्यूयॉर्कला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात नेली, पण वडिलांना स्मृतिभ्रंश होऊन ते शेजारच्याच घरात सापडण्याची युक्ती तशीच ठेवली.

क्वारोन यांचा चित्रपट दिसायला विलक्षण सुंदर आहे. इमॅन्युएल लुबेझ्की यांच्या छायालेखनाला ऑस्करचे नामांकन मिळाले होते आणि साराच्या तोंडून येणारी राम-सीतेची गोष्ट ज्या रंगांत दाखवली आहे ती मुलांच्या दीर्घकाळ लक्षात राहते. तो जरूर दाखवावा. मात्र आधी पुस्तक वाचलेले असावे, कारण साराचा कणखरपणा बाप परत मिळणार नाही हे पक्के ठाऊक असताना टिकून राहिलेला आहे, आणि त्या कादंबरीचे सगळे मोल त्यातच आहे. बाप शेवटी परत येणारच असेल तर तिने भोगलेले दिवस ही केवळ वाट पाहण्याची मुदत ठरते.

‘द सीक्रेट गार्डन’चे तीन चित्रपट शेजारी ठेवून पाहिले तर हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने दिसते. पुस्तकात मेरीचे आईवडील हिंदुस्थानात पटकीच्या साथीत मरतात आणि त्या धावपळीत बंगल्यात एक मूल आहे याची कोणालाच आठवण राहत नाही. तिचा हट्टीपणा आणि कडवटपणा या विसरले जाण्यातून आलेला आहे, मृत्यू त्या मानाने दुय्यम आहे. अग्नियेश्का हॉलंड यांनी १९९३ च्या चित्रपटात साथीऐवजी भूकंप घेतला, पण आईचे मुलीकडे मुळीच लक्ष नव्हते हे आधीच दाखवून ठेवले, त्यामुळे कारण बदलूनही जखम तीच राहिली. मार्क मंडन यांच्या २०२० च्या चित्रपटात काळ १९४७ चा, फाळणीच्या सुमाराचा आहे. या बदलालाही माझा आक्षेप नाही. आक्षेप बागेबद्दल आहे. पुस्तकातली बाग मेरी स्वतःच्या हातांनी तण उपटते, तिचा मित्र डिकन अवजारे आणि बिया घेऊन येतो, दोघे रोज खपतात, म्हणून जिवंत होते. आणि त्या कामामुळेच मेरीला भूक लागू लागते, झोप लागू लागते, दुसऱ्याचा विचार सुचू लागतो. २०२० च्या चित्रपटात बाग स्वतःच चमत्कार करते, मुलांच्या मनातल्या भावनांप्रमाणे फुलते आणि कोमेजते. पडद्यावर ते नेत्रदीपक दिसते, पण मुलांच्या श्रमाला त्यात जागाच राहिलेली नाही. १९४९ चा चित्रपट कृष्णधवल असून बागेतली दृश्ये तेवढी रंगीत आहेत, आणि ती योजना आजही परिणाम करते, पण त्याची संथ, नाटकी धाटणी सात वर्षांच्या मुलीला जड जाईल. आपण १९९३ चा निवडावा.

मृत्यू न टाळणारे चित्रपटही पुष्कळ आहेत. ई. बी. व्हाइट यांच्या १९५२ सालच्या ‘शार्लट्स वेब’मध्ये शार्लट कोळीण मरते तेव्हा तिच्याजवळ कोणीच नसते, आणि १९७३ चा ॲनिमेशनपट असो की २००६ चा चित्रपट, दोघांनीही तिला वाचवण्याचा मोह टाळला आहे. आपल्याकडे साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली केलेल्या चित्रपटाचे उदाहरण आहेच. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या चित्रपटात आईचा मृत्यू आहे तसा आहे, आणि कित्येक घरांतल्या दोन-तीन पिढ्यांनी तो एकत्र बसून पाहिला आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद मनापासून आवडला, तरी त्यातला निकष सर्वत्र लावता येईल असे मला वाटत नाही. त्या निकषावर ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ नापास होतो. एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या पुस्तकात ऑझ हा खराखुरा देश आहे आणि डोरथी खरोखर तिथे जाऊन येते. १९३९ च्या चित्रपटाने तो सगळा प्रवास डोक्याला मार लागलेल्या मुलीचे स्वप्न करून टाकला. गाभ्यालाच हात घालणारा याहून मोठा बदल शोधूनही सापडणार नाही. तरीही एकत्र बसून पाहण्यासाठी त्याच्या तोडीचे फार थोडे चित्रपट आहेत, कारण त्याने पुस्तकातली एक गोष्ट अशी पकडली की ती केवळ चित्रपटालाच पकडता येते. बॉम यांनी कॅन्ससचे वर्णन करताना घर, गवत, आकाश, काका-काकूंचे चेहरे, सगळे करडे असल्याचे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. चित्रपटात कॅन्सस तपकिरी छटेत आहे, आणि डोरथी दार उघडते त्या क्षणी पडद्यावर रंग येतात. पुस्तकातले चांदीचे जोडे माणकांचे लाल जोडे झाले तेही टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्रात रंग उठून दिसावा म्हणून. या बदलामागे पडद्याची गरज आहे, आणि ती योग्यच होती.

दुसरे उदाहरण ‘द ब्लॅक स्टॅलियन’चे आहे. वॉल्टर फार्ली यांच्या १९४१ सालच्या कादंबरीत ॲलेक या मुलाचे वडील जिवंत आहेत आणि घरी त्याची वाट पाहत आहेत. कॅरल बॅलार्ड यांच्या १९७९ च्या चित्रपटात वडील मुलासोबत जहाजावर असतात आणि जहाज बुडते तेव्हा त्यांचा अंत होतो. इथे चित्रपटाने मूळ पुस्तकात नसलेले दुःख घातले आहे, आणि त्यामुळे निर्जन बेटावर मुलगा आणि घोडा यांच्यात जे नाते जुळते त्याला पुस्तकापेक्षा अधिक खोली आली आहे.

टेड ह्यूज यांच्या १९६८ सालच्या ‘द आयर्न मॅन’वरून ब्रॅड बर्ड यांनी १९९९ साली ‘द आयर्न जायंट’ हा ॲनिमेशनपट केला तेव्हा कथा १९५७ सालच्या अमेरिकेत, शीतयुद्धाच्या भीतीने पछाडलेल्या गावात नेली आणि पुस्तकाचा उत्तरार्ध जवळजवळ संपूर्ण सोडून दिला. हायाओ मियाझाकी यांनी डायना विन जोन्स यांच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मध्ये एक अख्खे युद्ध आणले. एइको कादोनो यांच्या ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’चे पुस्तक म्हणजे लहान लहान प्रसंगांची माळ आहे, मियाझाकी यांच्या १९८९ च्या चित्रपटात किकीची उडण्याची शक्ती नाहीशी होते आणि घर सोडून एकट्या राहणाऱ्या मुलीच्या मनातली पोकळी त्यातून दिसते. हे सगळे बदल दिग्दर्शकांनी स्वतःला काही सांगायचे होते म्हणून केले आहेत.

म्हणून मी प्रश्न थोडा फिरवून विचारतो: बदल कोणत्या कारणाने केला आहे? दिग्दर्शकाला त्या कथेत काही नवे दिसले म्हणून, की मुलांना हे झेपणार नाही अशी निर्मात्यांना भीती वाटली म्हणून? दुसऱ्या प्रकारच्या बदलाचे सर्वांत ठळक उदाहरण रोआल्ड डाल यांच्या १९८३ सालच्या ‘द विचेस’वरचा १९९० चा चित्रपट आहे. निकोलस रोग यांनी तो केला आणि चेटकिणींची दृश्ये अशी धास्ती भरवणारी केली की तिथे त्यांनी मुलांची जराही भीड ठेवली नाही. पण शेवट बदलला. पुस्तकात चेटकिणींनी उंदीर करून टाकलेला मुलगा शेवटीही उंदीरच राहतो. आपण आणखी किती वर्षे जगू असे तो आजीला विचारतो, आणि साधारण नऊ वर्षे हे उत्तर ऐकून त्याला आनंद होतो, कारण आजी खूप म्हातारी आहे आणि तिच्यानंतर एकट्याने मागे राहण्याची त्याची इच्छा नाही. बालसाहित्यात प्रेमाचे याहून थेट चित्रण मला आठवत नाही. चित्रपटात त्याला पुन्हा मुलगा करून टाकले आणि ते सगळे संपले. डाल यांना तो शेवट मुळीच मान्य नव्हता. रॉबर्ट झेमेकिस यांच्या २०२० च्या चित्रपटात मुलगा उंदीर राहतो, पण एकूण चित्रपट म्हणून तो पहिल्याच्या जवळपासही येत नाही, हेही सांगायला हवे. नुसता शेवट जपल्याने चित्रपट चांगला होत नाही.

लेखकाची नापसंती मात्र प्रमाण मानू नये. पी. एल. ट्रॅव्हर्स यांना १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’मधला ॲनिमेशनचा भाग अजिबात रुचला नव्हता, आणि त्यांच्या पुस्तकातली मेरी पॉपिन्स ज्युली अँड्र्यूज यांनी रंगवलेल्या मेरीपेक्षा पुष्कळ करडी आणि स्वतःवर खूश असलेली आहे. तरीही तो चित्रपट मुलांना दाखवू नये असे मी म्हणणार नाही. पुस्तक आणि चित्रपट या दोन वेगळ्या मेरी आहेत, आणि अकरा वर्षांच्या मुलाला दोघींची तुलना करायला आवडते.

प्रतिसाद ३

आपण विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वरच्या दोन्ही प्रतिसादांत थोडे दुर्लक्ष झाले आहे, म्हणून त्यावर लिहीत आहे.

चित्रपटावर ‘मुलांसाठी’ असे लिहिलेले आहे किंवा नायक प्राणी आहेत, एवढ्यावर कधीही विसंबू नये. रिचर्ड ॲडम्स यांच्या ‘वॉटरशिप डाउन’ या कादंबरीवरच्या १९७८ च्या ॲनिमेशनपटाला ब्रिटनमध्ये सर्वांना पाहता येईल असे प्रमाणपत्र होते. सशांची गोष्ट म्हणून लहान मुलांना तो दाखवला गेला, आणि त्यातल्या रक्तबंबाळ झटापटी कित्येकांना मोठेपणीही विसरता आल्या नाहीत. पुढे २०२२ साली तिथल्या मंडळाने त्याचे वर्गीकरण वाढवून ‘पीजी’ केले, म्हणजे पालकांनी विचार करून दाखवावा असे. चित्रपट उत्तम आहे आणि थोरल्याने तो आणखी दोनेक वर्षांनी अवश्य पाहावा. सात वर्षांच्या मुलीला तो दाखवू नये. वॉल्टर मर्च यांचा १९८५ चा ‘रिटर्न टू ऑझ’ही असाच आहे. १९३९ च्या गाण्यांनी भरलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग समजून तो लावला तर सुरुवातीलाच डोरथीला विजेच्या उपचारासाठी नेले जाते, आणि पुढे काचेच्या कपाटांत मांडलेली बोलती मुंडकी येतात.

जाहिरातीही फसव्या असतात. कॅथरीन पॅटरसन यांच्या १९७७ सालच्या ‘ब्रिज टू टेराबिथिया’वर २००७ साली चित्रपट निघाला तेव्हा त्याच्या जाहिरातींत राक्षस आणि जादूचे जंगलच दाखवले होते. प्रत्यक्षात ती दोन मित्रांची गोष्ट आहे आणि त्यांतली मुलगी अचानक मरते. लेखिकेच्या मुलाने लहानपणी स्वतःची मैत्रीण गमावली होती, त्यातून ती कादंबरी आली, आणि चित्रपटाच्या लेखनात तोच मुलगा सहभागी होता. चित्रपट प्रामाणिक आहे, परंतु काय येणार आहे हे माहीत नसताना मुलांना त्याच्यासमोर बसवणे योग्य नाही. अशा चित्रपटांच्या बाबतीत घरातल्या एका मोठ्या माणसाने तो आधी एकट्याने पाहावा, यापलीकडे दुसरा विश्वासार्ह मार्ग मला माहीत नाही. लोकांनी लिहिलेल्या परीक्षणांत हिंसा, शिव्या वगैरेंची नोंद असते. आपल्याच मुलाला कशाने घाबरायला होते याची नोंद त्यात असणे शक्य नाही.

दुःख आणि भीती या गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या तर निवड पुष्कळ सोपी होते. सात वर्षांचे मूल दुःख समजू शकते आणि रडूही शकते, त्यात बिघडण्यासारखे काही नाही. अंगावर येणारी दृश्ये मात्र रात्री झोपेत परत येतात. फेलिक्स झाल्टेन यांच्या कादंबरीवरच्या १९४२ च्या ‘बॅम्बी’मध्ये हरिणीचा मृत्यू पडद्यावर दिसतच नाही. पाडस धावत राहते, मागे गोळीचा आवाज होतो आणि त्यानंतर आईच्या नावाने मारलेल्या हाका तेवढ्या उरतात. त्या प्रसंगाने मुले हेलावतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर नको ते चित्र राहत नाही. उलट सी. एस. लुइस यांच्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’मध्ये थोडक्यात उरकलेले युद्ध २००५ च्या चित्रपटात लांबलचक आणि गोंगाटी झाले आहे. नव्या रूपांतरांत हा दोष वारंवार दिसतो. पुस्तकात मुलांच्या मनात चाललेला संघर्ष पडद्यावर तलवारींच्या खणखणाटात आणला जातो आणि लहान मुले त्या आवाजानेच थकतात.

चित्रपट मध्येच थांबवण्याबद्दल म्हणाल तर जरूर थांबवावा. चित्रपटगृहात तसे करता येत नाही, घरी करता येते. पण ऐन दुःखाच्या क्षणी थांबवून समजावून सांगायला लागू नये. तो प्रसंग पूर्ण होऊ द्यावा आणि पुढचा सुरू होण्यापूर्वी थांबावे. मुलांना काही विचारायचे असेल तर ती विचारतील, नसेल तर पुन्हा सुरू करावा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही आभार. बदल कोणत्या कारणाने केला हे विचारण्याची कल्पना मला पटली, आणि दुःख व भीती वेगळी करून पाहण्याचीही. आणखी दोन शंका आहेत. आम्ही पुस्तक नेहमी आधी वाचतो, पण थोरला आता काही चित्रपट आधी पाहू असा आग्रह धरतो आहे. त्याचे ऐकावे का? दुसरे म्हणजे, धाकटीला इंग्रजी बोलणे भरभर कळत नाही आणि सबटायटल वाचण्याइतका तिचा वेग नाही. सतत मध्ये बोलून अर्थ सांगत राहिले तर थोरल्याचा रसभंग होतो.

प्रतिसाद ४

पुस्तक आधीच वाचायला हवे असा नियम करू नये, पण पुस्तकागणिक निर्णय घ्यावा. चित्रपटातले चेहरे एकदा मनात बसले की वाचताना तेच दिसतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून ज्या कादंबरीत वाचकाने स्वतः कल्पना करण्यावर सगळी भिस्त आहे ती आधी वाचावी. बर्नेट यांची बाग किंवा बॉम यांचा ऑझ आधी मुलांच्या मनात उभा राहू द्यावा. याउलट जी पुस्तके लांबलचक आहेत आणि ज्यांची भाषा आजच्या मुलांना अवघड जाते, त्यांच्या बाबतीत चित्रपट आधी पाहिल्याने पुस्तकात शिरणे सोपे होते. ‘लिटल विमेन’ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ती कादंबरी १८६८ आणि १८६९ साली दोन भागांत आली, तिच्यात घरगुती प्रसंग एकामागून एक येतात, आणि अकरा वर्षांच्या मुलाचा धीर सुरुवातीच्या प्रकरणांतच सुटू शकतो. जिलियन आर्मस्ट्राँग यांचा १९९४ चा चित्रपट सरळ कालक्रमाने जातो, चौघी बहिणी चटकन ओळखीच्या होतात, आणि त्यानंतर पुस्तक हाती घेतले तर ते परके वाटत नाही.

ग्रेटा गर्विग यांचा २०१९ चा चित्रपट मला स्वतःला चारांत सर्वांत अधिक आवडतो, पण तो पहिला दाखवू नये. त्यात बालपण आणि तरुणपण हे दोन काळ सतत आलटून पालटून येतात, रंगांच्या ऊबदार आणि थंड छटांवरून ते ओळखावे लागतात, आणि चौघींतल्या बेथच्या पहिल्या आजारपणाशेजारी दुसरे ठेवून दिग्दर्शिकेने जो परिणाम साधला आहे तो गोष्ट आधीच माहीत असलेल्यालाच जाणवतो. धाकटीला त्यातले काहीच कळणार नाही. तो थोरल्यासाठी, पुस्तक वाचून झाल्यावर, राखून ठेवावा.

भाषेच्या अडचणीवर दोन उपाय सुचतात. ॲनिमेशनपटांना एखाद्या ओळखीच्या भाषेतले डबिंग मिळाले तर ते निःसंकोच वापरावे. त्यात ओठांची जुळणी फारशी खटकत नाही आणि लहान मुलांना चित्राकडे पूर्ण लक्ष देता येते. प्रत्यक्ष अभिनेत्यांच्या चित्रपटांत डबिंग केल्यावर बरेच हरवते. तिथे आदल्या दिवशी गोष्ट तोंडी सांगून ठेवावी, म्हणजे पाहताना मध्ये बोलावे लागत नाही. दुसरा उपाय असा की संवादांवर कमी अवलंबून असलेले चित्रपट निवडावेत. वर उल्लेख झालेला ‘द ब्लॅक स्टॅलियन’ या कामी अगदी योग्य आहे. बेटावरचा त्याचा मोठा भाग जवळजवळ शब्दांशिवाय आहे. मुलगा समुद्रकाठी घोड्याला खाणे देऊ पाहतो, घोडा जवळ येतो, बिचकून मागे जातो, पुन्हा येतो; कॅलेब डेशानेल यांच्या छायालेखनात हे सगळे स्वच्छ समजते आणि सात वर्षांची मुलगी व अकरा वर्षांचा मुलगा ते बरोबरीने पाहू शकतात. जहाजाला आग लागते तो सुरुवातीचा भाग तेवढा भीतिदायक आहे. त्याची कल्पना तिला आधी देऊन ठेवावी आणि तो दिवसा पाहावा.

योहाना श्पिरी यांच्या ‘हायडी’चाही विचार करावा. अलाँ ग्स्पोनर यांच्या २०१५ च्या चित्रपटात ब्रुनो गांत्स यांनी आजोबांची भूमिका केली आहे. डोंगर, शेळ्या, माळ्यावरची गवताची गादी आणि शहरात गेल्यावर मुलीला लागलेली घराची ओढ या गोष्टी समजायला भाषा फारशी लागत नाही. १९३७ चा शर्ली टेम्पल हिचा चित्रपट त्यापुढे फार गोडगोड वाटतो. धाकटीला कथा आवडली आणि सावकाश पाहायची असेल तर इसाओ ताकाहाता यांची १९७४ सालची बावन्न भागांची जपानी ॲनिमेशन मालिका आहे. एका बैठकीत सगळे संपवण्याची घाई नसल्यामुळे ती वाचून दाखवण्याच्या सवयीशीही चांगली जुळते.

प्रतिसाद १ चे लेखक, पुन्हा

‘द ब्लॅक स्टॅलियन’चे उदाहरण मला मान्य आहे. दुःख घालणारा बदल मी विचारातच घेतला नव्हता, आणि ऑझच्या बाबतीतही कारण तपासण्याचा मुद्दा माझ्या निकषापेक्षा अधिक लांबवर जातो. तरी स्वप्नाचा तो शेवट मला अजूनही पटत नाही. डोरथीने आपण खरोखर तिथे जाऊन आलो असे परोपरीने सांगावे आणि मोठ्या माणसांनी प्रेमाने मान डोलवावी, हे पाहणाऱ्या मुलांना आवडत नाही, असा माझा अनुभव आहे.

आपण सुरुवात कोठून करावी असे मला कोणी विचारले नाही, पण सांगतो. ईडिथ नेस्बिट यांची १९०६ सालची ‘द रेल्वे चिल्ड्रन’ आधी वाचावी आणि मग लायनेल जेफ्रीज यांचा १९७० चा चित्रपट पाहावा. वडिलांना रात्री दोन अनोळखी माणसे घेऊन जातात, का ते मुलांना सांगितले जात नाही, आणि थोरली बॉबी एका जुन्या वर्तमानपत्रातून ते शोधून काढते. त्यात मृत्यू नाही, अंगावर येणारे दृश्य नाही, तरी आईवडिलांपासून दुरावण्याची मुलांची खरी भीती पूर्णपणे आहे. वडील शेवटी परत येतात ते नेस्बिट यांनी तसे लिहिले आहे म्हणून, त्यामुळे तो दिलासा कोणी नंतर आणून चिकटवलेला वाटत नाही. चित्रपट दोन तासांहून कमी लांबीचा आहे, खऱ्या वाफेच्या गाड्यांवर इंग्लंडमधल्या कीथली अँड वर्थ व्हॅली या रेल्वेमार्गावर चित्रित झालेला आहे, आणि रुळांवर दरड कोसळते तो थरारक प्रसंग धाकटीला समजण्यासाठी एकाही संवादाची गरज पडणार नाही. त्याच कथेवर पुढे ब्रिटिश टीव्हीसाठीही चित्रपट निघाला आणि त्यात १९७० साली बॉबी झालेल्या जेनी ॲगटर यांनी आईचे काम केले आहे. थोरल्याला दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहायची हौस असेल तर ही जोडी त्याच्यासाठी चांगली आहे.